‘ज्वालारोधक’ शिक्का आणि ३४ टक्के ऑक्सिजन

विद्यार्थ्यांच्या एका गटाचा प्रश्न आहे. त्यांना अंतराळयानाच्या केबिनमध्ये ठेवायचे एक छोटे उपकरण बनवायचे आहे. केबिनमध्ये ३४ टक्के ऑक्सिजन आणि सुमारे ५६ किलोपास्कल (समुद्रसपाटीच्या हवेच्या निम्म्याहून थोडा जास्त) दाब असेल, असे गृहीत धरायला त्यांना सांगितले आहे. पेटीसाठी त्यांनी यूएल-९४ व्ही-० दर्जाचे, म्हणजे ज्वालारोधक प्लास्टिक निवडले आहे. ते चालेल का? धातूची पेटी करावी तर ऑक्सिजनमध्ये धातूही जळतो असे वाचले आहे, ते खरे का? आणि शुद्ध ऑक्सिजन इतका घातक असेल तर अपोलो यानात तो भरलाच कशाला?

आधी थेट उत्तरे देतो. ते प्लास्टिक बहुधा चालणार नाही. धातू जळतो हे खरे आहे, पण तुमच्या केबिनमध्ये तुमची पेटी जळणार नाही. अपोलोचे उत्तर लांबचे आहे आणि पहिल्या दोन उत्तरांची कारणे त्यातच सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘हा पदार्थ जळतो का?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. मटेरियलच्या यादीत ‘अज्वलनशील’ असा रकाना आणि त्याखाली एकसारख्या बरोबरच्या खुणा दिसल्या की मी विचारतो: कशात अज्वलनशील? किती दाबाला? किती जाडीचा तुकडा? उभा की आडवा, मोकळा की कशाला चिकटवलेला? शेजारी काय आहे? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर त्या खुणेला काडीचीही किंमत नाही. ज्वलनशीलता एकट्या पदार्थाच्या अंगी नसते. पदार्थ, त्याचा आकार आणि त्याच्या भोवतीचा वायू यांच्या जोडीने ती ठरते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही हे तुम्हाला माहीत असेलच. कमी लोकांच्या लक्षात येते ते नायट्रोजनचे काम. साध्या हवेत ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूमागे नायट्रोजनचे जवळपास पावणेचार रेणू असतात. ते जळण्यात भाग घेत नाहीत, पण ज्योतीच्या उष्णतेतला मोठा वाटा स्वतः तापण्यात खर्च करतात. हवेत आग आटोक्यात राहते ती बरीचशी या फुकट बसलेल्या पाहुण्यांमुळे. ऑक्सिजन ३४ टक्के केला की प्रत्येक रेणूमागे नायट्रोजनचे दोनहून थोडे कमी रेणू उरतात आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये एकही नाही. मग ज्योत जास्त तापते, वेगाने पसरते आणि पेटायला लागणारी ठिणगीही लहान पुरते. हवेत नुसती विझून जाणारी ठिणगी इथे काम साधते.

इथे एक विचित्र गोष्ट घडते. आपल्या फुप्फुसांना ऑक्सिजनची टक्केवारी कळत नाही, त्यांना कळतो त्याचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला ऑक्सिजनचा वाटा. समुद्रसपाटीला तो २१ किलोपास्कल असतो. तुमच्या केबिनमध्ये ५६.५ किलोपास्कलच्या ३४ टक्के, म्हणजे सुमारे १९ किलोपास्कल. श्वासाच्या हिशोबाने अंतराळवीराला घरच्यापेक्षा किंचित कमीच ऑक्सिजन मिळतोय. आगीचे तसे नाही. एकूण दाबाचा तिच्यावर परिणाम होतो, पण तिचा जोर मुख्यतः टक्केवारीवर चालतो. त्यामुळे माणसाला नेहमीसारखी वाटणारी खोली आगीला मात्र बरीच सोयीची असते. ‘माणूस आरामात श्वास घेतोय, म्हणजे वातावरण साधेच’ हा समज या क्षेत्रात फार महागात पडलेला आहे.

मग असे वातावरण निवडतातच का? याचे कारण अंतराळपोशाखात आहे. पोशाख फार फुगला तर हातपाय वाकत नाहीत, म्हणून त्यात जेमतेम ३० किलोपास्कल दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असतो. साध्या हवेतून थेट या दाबात गेले तर रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. खोल पाण्यातून झटकन वर येणाऱ्या गोताखोरांना होतो तोच त्रास. तो टाळण्यासाठी आधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन नायट्रोजन काढून टाकावा लागतो. केबिनमध्येच दाब आणि नायट्रोजन कमी ठेवला तर हा वेळ पुष्कळ वाचतो. स्पेस शटलमध्ये बाहेर पडण्याआधी केबिनचा दाब ७० किलोपास्कलपर्यंत उतरवत आणि ऑक्सिजन ३० टक्क्यांपर्यंत जाऊ देत. चंद्रावर किंवा मंगळावर आठवड्यातून अनेकदा बाहेर पडायचे असेल तर रोज तासन्‌तास तयारीत घालवणे परवडणार नाही, म्हणून ५६.५ किलोपास्कल आणि ३४ टक्के ही जोडी पुढे आली. हा सौदा आहे. शरीराचा धोका कमी करून आगीचा वाढवला आहे आणि त्याची भरपाई मटेरियलच्या निवडीतून करायची आहे. तुमच्या पेटीवर एवढी कडक अट का, ते यातून कळेल.

आता अपोलो. त्याआधीच्या मर्क्युरी आणि जेमिनी या अमेरिकी यानांत कक्षेत असताना केबिनमध्ये सुमारे ३४ किलोपास्कल दाबाचा शुद्ध ऑक्सिजन असे. अपोलोने तीच पद्धत पुढे चालवली. त्यामागचे तर्कशास्त्र वेडगळ नव्हते. एकच वायू, एकच टाकी, साधी नियंत्रणव्यवस्था, आतला दाब कमी म्हणून भिंती हलक्या आणि पोशाखातही तोच वायू. दोन वायूंचे प्रमाण सांभाळणारे यंत्र चुकले तर अंतराळवीर नकळत बेशुद्ध पडेल, ही भीती खरी होती.

घोळ जमिनीवर होता. केबिनची रचना आतून बाहेर ढकलणारा दाब सोसण्यासाठी होती. जमिनीवर आत ३४ किलोपास्कल ठेवले तर बाहेरच्या हवेने ती चेपली असती. म्हणून उड्डाणापूर्वीच्या चाचणीत केबिन बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने, सुमारे ११५ किलोपास्कलला, शुद्ध ऑक्सिजननेच भरली जाई. म्हणजे ऑक्सिजनचा आंशिक दाब साध्या हवेच्या साडेपाच पट. कक्षेसाठी विचारपूर्वक निवडलेले वातावरण चाचणीच्या सोयीसाठी एका वेगळ्याच वातावरणात बदलले आणि मटेरियलची यादी मात्र तीच राहिली. मर्क्युरी आणि जेमिनीत हेच केले होते आणि काही झाले नव्हते. ‘आजवर काही झाले नाही’ याला पुरावा मानण्याची सवय मला ऑक्सिजनपेक्षाही धोकादायक वाटते.

२७ जानेवारी १९६७ रोजी केप केनेडीच्या ३४ क्रमांकाच्या तळावर गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे अंतराळवीर अपोलोच्या बंद केबिनमध्ये उड्डाणाची रंगीत तालीम करत होते. रॉकेटमध्ये इंधन भरलेले नव्हते, म्हणून या चाचणीला धोकादायक असा दर्जाच दिलेला नव्हता. केबिनमध्ये नायलॉनच्या जाळ्या होत्या, ठिकठिकाणी वेल्क्रो होते, फोमच्या गाद्या होत्या. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास डाव्या बाजूला खाली आग लागली. नेमकी ठिणगी कुठली हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. त्या भागातल्या विजेच्या तारांवर सर्वाधिक संशय राहिला. आगीची पहिली हाक आणि दाबाने केबिन फुटणे यांत साधारण पंधरा सेकंद गेले. आतला दरवाजा आत उघडणारा होता आणि वाढलेल्या दाबाने तो चौकटीवर घट्ट बसला. सगळे सुरळीत असतानाही तो उघडायला मिनिटभराच्या वर वेळ लागे. तळावरच्या माणसांना आत पोहोचायला सुमारे पाच मिनिटे लागली. तोवर तिघेही गेले होते. मृत्यूचे कारण भाजणे नव्हते, कार्बन मोनॉक्साइड होते.

ठिणगी सापडली नाही यावर लोक अडून बसतात. माझ्या मते तो मुद्दा दुय्यम आहे. कित्येक किलोमीटर तारा असलेल्या यानात कधीतरी कुठेतरी ठिणगी पडणारच, असे धरूनच चालावे लागते. अशा वातावरणात ठिणगी टाळणे ही पहिली तटबंदी. पण भरवसा ठेवायचा तो दुसरीवर, म्हणजे ठिणगी पडली तरी तिला खायला काही मिळू नये यावर.

ही काही एकटी घटना नव्हती. त्याआधी २३ मार्च १९६१ रोजी सोव्हिएत अंतराळवीर दलातला व्हॅलेंटिन बोंदारेन्को ऑक्सिजन वाढवलेल्या चाचणीकक्षात भाजून दगावला होता. अल्कोहोलने भिजलेला कापसाचा बोळा विजेच्या गरम तव्यावर पडला, एवढेच निमित्त. ही बातमी जगाला पंचवीस वर्षांनी, १९८६ मध्ये कळली. वेळेत कळली असती तर अपोलोत काही बदलले असते का, हा वाद आजही रंगतो. मला शंका आहे, कारण अमेरिकेत ऑक्सिजन कक्षांच्या आगी त्याआधीही झाल्या होत्या आणि अपोलोच्या आगीनंतर चारच दिवसांनी टेक्सासमधल्या ब्रूक्स हवाई तळावरच्या ऑक्सिजन कक्षात आग लागून दोन जवान मेले.

पुढे काय बदलले ते तुमच्या कामाचे आहे. कक्षेतला शुद्ध ऑक्सिजन त्यांनी सोडला नाही! जमिनीवर आणि उड्डाणाच्या वेळी केबिनमध्ये ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन भरायचे ठरले. वर गेल्यावर हळूहळू तो बदलून कमी दाबाचा शुद्ध ऑक्सिजन येई. हे प्रमाण कागदावर ठरले नाही. केबिनची पूर्ण आकाराची प्रतिकृती करून तिला मुद्दाम आगी लावून पाहिल्या गेल्या. पोशाखाचा बाहेरचा थर नायलॉनऐवजी बीटा कापडाचा झाला, म्हणजे टेफ्लॉनचा लेप दिलेले काचतंतू. डाखाचे जोड असलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी स्टेनलेस स्टील आले. दरवाजा बाहेर, काही सेकंदांत उघडणारा झाला. वेल्क्रो मात्र हद्दपार झाले नाही. त्याच्या तुकड्यांचा आकार आणि दोन तुकड्यांतले अंतर बांधून दिले, म्हणजे एक पेटला तरी ज्योत दुसऱ्यापर्यंत पोहोचू नये. पदार्थ तोच, मांडणी बदलली. या क्षेत्रातले निम्मे काम असेच असते.

आता तुमचा व्ही-० शिक्का. यूएल-९४ च्या उभ्या चाचणीत १२५ मिलिमीटर लांबीच्या पट्टीला खालून दहा सेकंद ज्योत लावतात, काढतात, विझल्यावर पुन्हा दहा सेकंद लावतात. दर वेळी दहा सेकंदांच्या आत विझली आणि जळते थेंब पडून खालचा कापूस पेटला नाही, तर व्ही-०. घरगुती उपकरणांसाठी चांगली चाचणी आहे. पण ती साध्या हवेत होते. ३४ टक्क्यांबद्दल ती चकार शब्द बोलत नाही. शिवाय अनेक ज्वालारोधक प्लास्टिकांत मिसळलेली रसायने ज्योतीतली साखळी प्रक्रिया मंद करून काम करतात आणि ऑक्सिजन वाढला की ज्योत त्यांच्यावर मात करते. अशा प्लास्टिकचा व्ही-० शिक्का तुमच्या केबिनमध्ये फसवा ठरू शकतो.

मग लोक ऑक्सिजन इंडेक्सकडे वळतात. पदार्थ जेमतेम जळत राहायला वायूत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो, तो हा आकडा. कापूस आणि पॉलिइथिलिनचा १८ च्या आसपास, नोमेक्स या आगरोधक कापडाचा २८ ते ३०, टेफ्लॉनचा तब्बल ९५. आकडा उपयोगी आहे, पण त्यातही एक मेख आहे. या चाचणीत नमुना वरच्या टोकाला पेटवतात आणि ज्योत खाली उतरत जाते. पृथ्वीवर गरम वायू वर जातात, त्यामुळे खाली उतरणाऱ्या ज्योतीला पुढचा भाग आधी तापवून मिळत नाही. खालून वर चढणाऱ्या ज्योतीला तो मिळतो आणि ती कमी ऑक्सिजनमध्येही तग धरते. म्हणून ‘इंडेक्स ३५, केबिन ३४, एक टक्का शिल्लक’ असला हिशोब कुणी दाखवला तर मी तो कागद तिथेच परत करतो.

अंतराळयानासाठी खरी कसोटी म्हणजे नासा-एसटीडी-६००१ या मानकातली पहिली चाचणी. सुमारे ३० सेंटिमीटरचा उभा नमुना, खालच्या टोकाला ठरावीक ताकदीचा रासायनिक पेटवा, आणि भोवती वापराच्या ठिकाणचे सर्वांत वाईट वातावरण, म्हणजे जास्तीत जास्त ऑक्सिजन आणि त्याला साजेसा दाब. ज्योत १५ सेंटिमीटर चढण्याआधी आपोआप विझली पाहिजे आणि जळते तुकडे पडून खालचा कागद पेटता कामा नये. नमुना प्रत्यक्ष वापरायच्या जाडीचा असावा लागतो. तीन मिलिमीटर जाडीला उत्तीर्ण झालेले प्लास्टिक अर्धा मिलिमीटरला सपशेल नापास होऊ शकते. पातळ पत्र्यात तापवायला वस्तुमान कमी आणि हवेला उघडा पृष्ठभाग जास्त. फोम आणि सैल विणीचे कापड ही त्याच गोष्टीची टोके. उलट एखादी चिकटपट्टी जाड ॲल्युमिनियमवर घट्ट बसवली तर धातू तिची उष्णता ओढून घेतो आणि ती पेट धरत नाही. तीच पट्टी सुटून लोंबली की जळते. म्हणून मी रेखाचित्रात पट्टीचे नाव वाचून थांबत नाही, तिची टोके कुठे आहेत तेही पाहतो.

ही चाचणी खालून वर का घेतात? कल्पना अशी होती की पृथ्वीवर वर चढणारी ज्योत ही सर्वांत वाईट स्थिती. इथे विझले ते वर नक्कीच विझेल. वजनरहित अवस्थेत गरम वायू वर जात नाहीत, कारण तिथे ‘वर’च नसते. स्थिर हवेत ज्योत गोलसर, मंद होते आणि स्वतःच्याच धुरात गुदमरते. पण यानातली हवा स्थिर नसते. माणसांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड नाकाजवळ साचू नये म्हणून पंखे सतत चालू असतात, आणि त्यांचा सेकंदाला काही सेंटिमीटरचा झुळूकभर प्रवाह ज्योतीला नेमका मानवतो. ऑक्सिजन पुरेसा येतो, पण ज्योत उडवून टाकण्याइतका वेग नसतो. अशा मंद प्रवाहात काही पदार्थ पृथ्वीवरच्या मर्यादेपेक्षा कमी ऑक्सिजनमध्येही जळत राहतात, हे प्रयोगांत दिसले आहे. चंद्रावरच्या एक-षष्ठांश गुरुत्वात मंद ऊर्ध्वप्रवाह आपोआपच तयार होतो. त्यामुळे चंद्रावरच्या तळासाठी पृथ्वीवरचा उत्तीर्ण शेरा पुरेसा सुरक्षित आहे असे डोळे झाकून मानू नये, या मताचा मी आहे.

या विषयावर मोठ्या आकाराचा प्रयोग व्हायला २०१६ साल उजाडले. सिग्नस हे मालवाहू यान अंतराळ स्थानकावरून सुटल्यावर वातावरणात जळूनच नष्ट होणार असते. त्यात सॅफायर नावाचे सहा प्रयोग २०१६ ते २०२४ या काळात झाले. पहिल्याच प्रयोगात जवळपास मीटरभर लांबीचे सुती-काचतंतूंचे कापड पेटवले. ज्योत वाढत न जाता एका ठरावीक लांबीला स्थिरावली आणि संथपणे पुढे सरकत राहिली. नंतरच्या प्रयोगांत कमी दाब आणि वाढवलेला ऑक्सिजनही तपासला गेला. आग लागल्यावर स्थानकावर आधी वीज आणि पंखे बंद करतात, ते याच कारणाने: ठिणगी आणि प्रवाह दोन्ही तोडायचे. धूर वर जात नसल्याने धुराचे शोधकही छताला न लावता हवेच्या परतीच्या मार्गावर लावतात. एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या आगीचा ऑक्सिजन तिच्या पोटातच असतो, तिला हे उपाय जुमानत नाहीत. फेब्रुवारी १९९७ मध्ये मीर स्थानकावर ऑक्सिजन निर्माण करणारी रासायनिक कांडी पेटली, तेव्हा हेच झाले. सहा माणसे आत होती आणि परतीच्या दोन सोयुझ यानांपैकी एकाकडे जाणारी वाट ज्वालांनी अडवली होती. लिथियम बॅटरीही याच जातीची समजा.

आता धातू. इथे केबिन सोडून उच्च दाबाच्या ऑक्सिजनच्या नळ्यांकडे वळावे लागते, आणि ते वेगळेच जग आहे. केबिनमध्ये शत्रू म्हणजे कापड, कागद, प्लास्टिक. नळीत शत्रू म्हणजे व्हॉल्व्हची सील, ग्रीसचा ठिपका, लेथवरून आलेला धातूचा कीस, आणि शेवटी स्वतः व्हॉल्व्ह.

धातू पेटतो कसा, ते शेकोटीसारखे आहे. ओंडक्याला काडी लावली तर काही होत नाही. कागदाने काटक्या पेटतात आणि काटक्यांनी ओंडका. उच्च दाबाच्या ऑक्सिजनमध्ये तेलाचा अंश किंवा प्लास्टिकची सील हा कागद, पातळ स्प्रिंग किंवा जाळी या काटक्या आणि व्हॉल्व्हचे अंग हा ओंडका. कागद पेटतो कशाने? बहुतेक वेळा कुठल्याही ठिणगीविना, नुसत्या दाबाने. बंद टोकाच्या नळीत वातावरणाच्या दाबाचा ऑक्सिजन आहे आणि कुणी सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडून तिथे २०० बार, म्हणजे वातावरणाच्या सुमारे दोनशे पट, दाब सोडला, तर टोकाला दाबला गेलेला वायू आदर्श गणितानुसार हजार अंश सेल्सियसच्या वर तापतो. प्रत्यक्षात भिंती उष्णता शोषतात, तापमान तेवढे चढत नाही आणि टिकतेही क्षणभर. पण अशा ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉनसुद्धा चारशेच्या थोड्या वरच्या तापमानाला स्वतःहून पेटू शकतो. इंडेक्स ९५ वाला तोच टेफ्लॉन. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह हळू उघडा, हा नियम शिस्तीसाठी केलेला नाही. दुसरा मार्ग म्हणजे वेगाने वाहणाऱ्या वायूतला कण वळणावर आदळणे. तिसरा घर्षणाचा.

अपोलो १३ चा अपघात या जगातला आहे. १३ एप्रिल १९७० रोजी फुटलेल्या दोन क्रमांकाच्या ऑक्सिजन टाकीत तारांना टेफ्लॉनचेच आवरण होते. तळावर टाकी रिकामी करण्यासाठी आतला हीटर ६५ व्होल्टवर तासन्‌तास चालवला, त्याचे सुरक्षा स्विच २८ व्होल्टचे होते. ते चिकटून बसले, आतले तापमान भलतेच वाढले आणि तारांचे आवरण तडकले. पुढे उड्डाणात टाकीतला पंखा चालू करताच उघड्या तारेवर ठिणगी पडली आणि दाबाखालच्या दाट ऑक्सिजनमध्ये टेफ्लॉन जळला. यादीत टेफ्लॉनसमोरची खूण चुकीची नव्हती. ती दुसऱ्या दाबासाठी होती.

धातूंची क्रमवारी लक्षात ठेवायला सोपी आहे. टायटॅनियम सर्वांत वाईट. ऑक्सिजनच्या नळीत त्याला थारा नाही. ॲल्युमिनियम त्याच्या जवळपास: पेटायला अवघड, कारण त्याचे ऑक्साइडचे कवच चिवट असते, पण एकदा पेटले की प्रचंड उष्णता सोडते. स्टेनलेस स्टील मधले, पातळ काडीच्या चाचणीत शेकड्यांत नव्हे, दहांत मोजाव्या लागणाऱ्या बार दाबाला ते जळत जाते. इन्कोनेल हा निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू त्याहून बरा. तांबे, निकेल आणि त्या दोघांचे मिश्रण असलेला मोनेल शेकडो बारलाही जळत राहायला नकार देतात. १९८० मध्ये शटलच्या अंतराळपोशाखाच्या चाचणीत उच्च दाबाचा ऑक्सिजन रेग्युलेटरमध्ये शिरताच आग लागली, ॲल्युमिनियमचे अंग जळाले आणि एक तंत्रज्ञ भाजला. नंतरच्या रचनेत तिथे मोनेल आला. टायटॅनियमचा धडा तर एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा मिळाला. स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगनच्या जमिनीवरच्या चाचणीत नायट्रोजन टेट्रॉक्साइड या ऑक्सिडायझरचा लोट उच्च दाबाने टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळला, व्हॉल्व्ह पेटला आणि यान फुटले. तो शुद्ध ऑक्सिजन नव्हता, पण नाते जवळचे आहे.

स्वच्छतेबद्दल एवढेच: ऑक्सिजनच्या कामात साधे तेल किंवा ग्रीस चालत नाही, फ्लोरिनयुक्त खास वंगणच लागते. ऑक्सिजनच्या गळतीत उभे राहिलेल्या माणसाच्या कपड्यांत तो मुरून बसतो, म्हणून मोकळ्या हवेत निदान पंधरा मिनिटे काढल्याशिवाय ठिणगी किंवा ज्योतीच्या जवळ जायचे नाही.

तर तुमची पेटी. ५६ किलोपास्कल आणि ३४ टक्क्यांत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची पेटी जळणार नाही; वरची भीती दाबाखालच्या ऑक्सिजनची आहे. ॲल्युमिनियम घ्या आणि पेटी बंद करा. आतले सर्किट बोर्ड आणि कनेक्टर ३४ टक्क्यांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होतील अशी आशा करू नका. पण धातूच्या बंद पेटीत हवेचा ये-जा मार्ग नसेल, तर आत काही पेटले तरी तिथला थोडासा ऑक्सिजन संपताच विझते आणि बाहेर काही पोहोचत नाही. हवा खेळती राहावी म्हणून जाळी ठेवायचा मोह होईल. जाळी ठेवलीत तर आतला प्रत्येक भाग केबिनमध्ये उघडा आहे असे समजून तपासला जाईल. पंख्याऐवजी उष्णता भिंतीतून बाहेर काढा. वजनरहित अवस्थेत गरम हवा आपोआप हलत नाही, त्यामुळे पृथ्वीवर कोमट लागणारा भाग तिथे चटका देऊ शकतो, तेही गणितात धरा.

बाहेरची तार ही तुमची खरी अडचण आहे. पेटीपेक्षा तिचा उघडा पृष्ठभाग मोठा आणि तीच दुसऱ्या उपकरणांपर्यंत पोहोचते. पीव्हीसी विसरा. टेफ्लॉनचे आवरण घ्या. मात्र टेफ्लॉन जास्त तापला तर विषारी वायू सोडतो, म्हणून फ्यूज तारेच्या क्षमतेपेक्षा बराच खाली आणि उगमाजवळ ठेवा. तुमच्या रेखाचित्रात पडद्यावर पॉलिकार्बोनेटची खिडकी दाखवली आहे, ती ३४ टक्क्यांत नापास होईल. काच घ्यायची तर फुटल्यावर तुकडे तरंगू नयेत याची सोय करावी लागेल. नाहीतर खिडकी काढून टाका आणि दिवे तेवढे बाहेर आणा. पेटी भिंतीला लावायला चार कोपऱ्यांवर वेल्क्रोचे छोटे तुकडे पुरतील, पूर्ण पाठ भरू नका.

आणि मटेरियलच्या मंजुरीसाठीच्या अर्जात ‘व्ही-०’ लिहू नका. प्रत्येक उघड्या पदार्थासमोर त्याचे व्यापारी नाव, जाडी, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ आणि कशावर बसवला आहे ते लिहा. त्याच जाडीची, ३४ टक्क्यांची किंवा त्याहून कडक चाचणी आधी झालेली असेल तर तिचा दाखला जोडा. नसेल तर तीस सेंटिमीटरचे नमुने आत्ताच बाजूला काढून ठेवा, आणि ते त्याच लॉटचे असू द्या.